फवारणी आणि तोडणी यांच्यामधले दिवस

२०१० च्या हंगामात महाराष्ट्राची द्राक्षं युरोपच्या बंदरांत अडकली. मालात खोट नव्हती. मण्यांची फुगवण चांगली होती, साखर भरलेली होती, आणि निघण्याआधीच्या रेसिड्यू, म्हणजे औषधांच्या उरलेल्या अंशांच्या, तपासणीत हा माल पास झालेला होता. तरीही तिकडच्या प्रयोगशाळांना मण्यांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपले बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. युरोपने त्यासाठी किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकीच मर्यादा ठेवलेली होती. कंटेनर परत फिरू लागले, भाव कोसळले, आणि वर्षभर बागेत राबलेल्या हजारो कुटुंबांचा हंगाम बुडाला.

या घटनेत शिकण्यासारखं खूप आहे, म्हणून तिच्याकडे जरा थांबून बघू. सीसीसी हे कीटकनाशक नाही, बुरशीनाशकही नाही. ते वाढ रोखणारं संजीवक आहे. द्राक्षाच्या वेलीची आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर फुटवे बेसुमार पळू लागले तर काडीत घड तयार होत नाही. ते पळणं आवरायला सीसीसी मारतात. म्हणजे फवारणी उन्हाळ्यात, आणि फळ खाल्लं जातं पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये आठ-दहा महिने, एक सबंध पावसाळा आणि आणखी एक छाटणी. इतक्या काळात औषध धुऊन गेलं असेल असं कुणालाही वाटेल. पण ते वेलीच्या लाकडात मुरून राहिलं आणि तिथून नव्या मण्यांत उतरलं. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीचं नावच नव्हतं, त्यामुळे तपासणीत ते दिसण्याचा प्रश्नच आला नाही.

फळ स्वच्छ दिसतं की नाही, यावरून त्याच्या आत काय आहे हे कळत नाही. एवढंच नाही, प्रयोगशाळेलासुद्धा जे शोधायला सांगितलं तेवढंच सापडतं.

खरं तर हा पहिला धक्का नव्हता. २००३ मध्ये नेदरलँड्सने भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडल्याचा इशारा दिला होता. त्यानंतरच निर्यातीच्या द्राक्षांसाठी एक व्यवस्था उभी राहिली. कृषी निर्यात संस्था ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ सुरू केलं. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने कोणती औषधं चालतील, कोणती चालणार नाहीत आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, याची यादी दरवर्षी द्यायला सुरुवात केली. बागेची नोंदणी होते, प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळतो, बागायतदार फवारणीची नोंद ठेवतो, तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो आणि रिपोर्ट आल्यावरच तोडणी होते. युरोपातल्या दुकानातली पेटी पुन्हा त्या प्लॉटपर्यंत मागे शोधता येते. २०१० च्या फटक्यानंतर ही यादी आणखी कडक झाली, सीसीसी तिच्यात आलं आणि बागायतदारांनी बागेचं व्यवस्थापन बदलून दाखवलं. आज नाशिकच्या बागेत दहावी शिकलेला तरुणही ‘एमआरएल’ आणि ‘पीएचआय’ ही अक्षरं सहज बोलतो.

ही अक्षरं मंडईत पिशवी घेऊन जाणाऱ्या आपल्याला माहीत असायला हवीत, असं मला फार वाटतं.

एमआरएल म्हणजे अन्नात राहू शकणाऱ्या अंशाची कायदेशीर कमाल मर्यादा. ती किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. ज्या पिकासाठी एखाद्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथे युरोप आणि आपलं अन्नसुरक्षा प्राधिकरणही साधारणपणे ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा धरतं. दहा टनांचे दहा ट्रक भेंडीने भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध पसरलंय अशी कल्पना करा, म्हणजे हे प्रमाण डोळ्यांपुढे येईल. आजची यंत्रं एवढं बारीक मोजतात. त्यामुळे ‘अंश सापडले’ या बातमीने लगेच धास्तावण्याचं कारण नसतं. किती सापडले, हे विचारायला हवं.

पण मर्यादेचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. शिफारशीप्रमाणे फवारणी केली तर पिकात जास्तीत जास्त किती अंश उरेल, यावरून एमआरएल ठरते. माणसाच्या शरीराचा हिशेब वेगळा होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काहीच अपाय दिसत नाही ती मात्रा घेतात, तिला साधारणपणे शंभराने भागतात आणि आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा ठरवतात. मग माणूस दिवसभरात काय काय खातो ते पाहून एमआरएल त्या मात्रेच्या आत बसते का, हे तपासतात. म्हणून एखाद्या दिवशी मर्यादेच्या थोडी वर गेलेली भाजी खाल्ली की माणूस आजारी पडतो, असं नाही. आणि मर्यादेच्या आत असलं की सगळं आलबेल, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारण हा हिशेब एकेका औषधाचा असतो आणि आपल्या ताटात एकाच वेळी पाच-सहा औषधांचे अंश येऊ शकतात. लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त खातात, त्यांचा मेंदू अजून घडत असतो. क्लोरपायरीफॉस या जुन्या कीटकनाशकाला युरोपने २०२० मध्ये बाहेरचा रस्ता दाखवला, त्यामागे वाढत्या मेंदूची ही काळजी मोठी होती. आपल्याकडे ते वापरात राहिलं.

आता पीएचआय. फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं, तो हा काळ. माझ्या मते रेसिड्यूच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. ऊन, पाऊस, हवा, पानांतली विकरं आणि फळाची वाढ यांमुळे औषध रोज थोडं थोडं विरत जातं. समजा, एखाद्या औषधाचा अंश दर तीन दिवसांनी निम्मा होतो. फवारणीच्या दिवशी शंभर भाग असतील, तर तीन दिवसांनी पन्नास, सहाव्या दिवशी पंचवीस, नवव्या दिवशी साडेबारा. मर्यादा वीस भागांची असेल, तर नवव्या दिवशी तोडलेलं फळ पास आणि तिसऱ्या दिवशी तोडलेलं नापास. औषध तेच, शेतकरी तोच, शेतही तेच.

हा हिशेब आता भेंडीला लावून बघा. भेंडीचं फूल उमललं की पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. एक-दोन दिवस उशीर झाला की ती जून होते आणि बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणून भेंडी एका दिवसाआड तोडावी लागते, दोन-अडीच महिने सलग. याच काळात तिच्यावर तुडतुडे असतात, पांढरी माशी असते, शेंग पोखरणारी अळी असते. औषध मारून सात दिवस थांबायचं, तर तीन तोडे फेकून द्यावे लागतील. हे नुकसान सोसायला अर्धा-एक एकराचा शेतकरी तयार होत नाही, आणि त्याला दोष देण्याआधी आपण त्याच्या जागी काय केलं असतं याचा विचार करावा. काकडी, दोडका, गवार, हिरवी मिरची, ढोबळी मिरची, वांगी या सगळ्यांची गोष्ट अशीच आहे. पुन्हा पुन्हा तोडली जाणारी भाजी आणि थांबायला सांगणारं औषध, हे दोन्ही एका वेळापत्रकात बसत नाहीत.

वांग्याचं दुखणं आणखी वेगळं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच आत शिरते, आणि एकदा आत शिरली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. मग अळी शिरण्याआधीच मारून ठेवू, या हिशेबाने शेतकरी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा फवारतो. ही फवारणी कमी व्हावी म्हणून जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने जनुकीय बदल केलेलं बीटी वांगं तयार केलं होतं. त्याच २०१० सालच्या फेब्रुवारीत केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये ते स्वीकारलं. जनुकीय बियाण्यांबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, पण स्थगितीनंतर वांग्यावरच्या फवारणीचं काय, हा प्रश्न तिथेच राहिला. कामगंध सापळे लावणं, किडका शेंडा दिसला की खुडून नष्ट करणं, रोपवाटिकेला जाळी घालणं, हे उपाय कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत आणि ते चालतातही. पण त्यांना रोज शेतात फिरणारं माणूस लागतं. मजुरी महाग झाली की बाटली स्वस्त पडते.

आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाच्या फारशी लक्षात येत नाही. आपल्या देशात प्रत्येक औषधाची नोंदणी पिकानुसार होते. कापसासाठी नोंदलेलं औषध कापसावरच मारायचं. बागायतदार याला ‘लेबल क्लेम’ म्हणतात. कापूस, भात, मिरची अशा मोठ्या पिकांसाठी कंपन्या खर्च करून नोंदणी घेतात. कढीपत्ता, कोथिंबीर, मेथी, अळू यांच्यासाठी कोण घेणार? मग या पिकांवर कीड पडली की शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानदार देईल ते घेऊन येतो. ते बहुधा कापसावरचं असतं. त्या पिकासाठी मर्यादाही ठरलेली नसते, म्हणून ०.०१ चा आकडा लागतो आणि माल नापास होतो. देशभरच्या रेसिड्यू तपासण्यांत कढीपत्ता आणि हिरवी मिरची पुन्हा पुन्हा वर येतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. युरोपने तर भारतातून येणारा कढीपत्ता आणि भेंडी यांच्यावर कितीतरी वर्षं खास नजर ठेवली होती. फोडणीत चार-पाच पानं पडतात, ती आपण ताटाच्या कडेला काढतो, एवढाच काय तो दिलासा.

या जागी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. २०१४ मध्ये युरोपने हापूस बंद केला, तो कीटकनाशकामुळे, असं अजूनही लोक सांगतात. ते बरोबर नाही. तेव्हा आंब्यात, आणि अळू, वांगं, कारलं, पडवळ यांत, फळमाशीसारख्या जिवंत किडी सापडल्या होत्या. औषध जास्त झालं म्हणून माल परत येतो, तसा कीड राहिली म्हणूनही येतो. शेतकरी या दोन्हींच्या मध्ये उभा असतो.

भाजी घरी आल्यावर काय करता येईल? औषधं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध सालीवर, पानावर बसून राहतं. आंतरप्रवाही औषध झाडात शोषलं जातं आणि रसाबरोबर फिरतं. पहिल्याला पाणी बरंचसं काढतं, दुसऱ्याला काढू शकत नाही. सीसीसीची द्राक्षं कितीही धुतली असती तरी उपयोग नव्हता. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने बारा कीटकनाशकं तपासली, तेव्हा नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुतल्याने त्यांतल्या नऊंचे अंश कमी झाले. भाज्या धुण्यासाठी विकली जाणारी द्रावणं साध्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे दोन कीटकनाशकांचे अंश निघून गेले, पण जेवढं सालीच्या आत शिरलं होतं तेवढं राहिलं. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम सोडा म्हणजे एक टक्का. एवढं करायला काही हरकत नाही, मात्र त्यानंतर भाजी साध्या पाण्याने नीट धुवायला हवी. मिठाचं पाणी, व्हिनेगर, हळद यांवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. फ्लॉवरचे तुरे सुटे करून धुवावेत, कोबीची वरची दोन-तीन पानं काढावीत, पालेभाजी निवडून झाल्यावर भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यावी. शिजवल्याने आणि सोलल्याने बरंच कमी होतं. साबण मात्र कधीच लावू नये. तो भाजीत शिरतो आणि नवीनच रसायन पोटात जातं.

यानंतर सेंद्रिय. शहरात ‘ऑर्गॅनिक’ अशी पाटी दिसली की दर दीडपट-दुप्पट होतो, आणि ग्राहकाला वाटतं, आता काळजी मिटली. सेंद्रिय प्रमाणपत्र हे पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. शेतात रासायनिक खतं आणि संश्लेषित कीटकनाशकं वापरली नाहीत, नोंदी ठेवल्या, तपासनीस येऊन गेला, असं ते सांगतं. २००१ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांच्या शेताला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रूपांतरात काढावी लागतात. त्या काळात उत्पादन घटतं आणि भाव मात्र सेंद्रिय म्हणून मिळत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी ‘पीजीएस-इंडिया’ ही दुसरी वाट आहे. गावातले शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतात. खर्च कमी, आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं अवघड, म्हणून मला ही वाट जास्त आवडते. दुकानातल्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं ‘जैविक भारत’ चिन्ह शोधावं. ते नसेल तर छापील ‘ऑर्गॅनिक’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, अशी समजूतही चुकीची आहे. निंबोळी अर्क, दशपर्णी, ट्रायकोडर्मा, अळ्यांना मारणारे जिवाणू, गंधक, आणि मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण या सगळ्यांची फवारणी होते. बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने द्राक्षावरच्या केवडा या रोगासाठी पुढे आणलं, आणि आजही सेंद्रिय बागेत मर्यादेत वापरायची त्याला परवानगी आहे. त्यातलं तांबं वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. शिवाय शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर औषध येऊ शकतं. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेतही भोकं सापडली आहेत. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतातल्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली होती, हे विसरून चालणार नाही.

एवढं सगळं असूनही सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी असतात, याबद्दल शंका राहिलेली नाही. २०१४ मध्ये ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. नेहमीच्या मालात अंश सापडण्याचं प्रमाण सेंद्रियच्या सुमारे चौपट निघालं. त्याआधी अमेरिकेत सिएटलच्या परिसरातल्या २३ शाळकरी मुलांना पाच दिवस नेहमीच्या जेवणाऐवजी त्याच प्रकारचं सेंद्रिय जेवण दिलं गेलं. त्यांच्या लघवीतले मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉसचे अंश लगेच जवळजवळ दिसेनासे झाले, आणि नेहमीचं जेवण सुरू होताच परत आले. शरीर ही औषधं रोज बाहेर टाकतं आणि ताट ती रोज आत आणतं, हे त्या मुलांमुळे स्पष्ट झालं.

पुढचा प्रश्न अवघड आहे. यामुळे माणूस अधिक निरोगी राहतो का? फ्रान्समध्ये २०१८ मध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण पंचवीस टक्क्यांनी कमी दिसलं. ब्रिटनमध्ये त्याच्या चार वर्षं आधी सहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या पाहणीत एकूण कर्करोगात तशी घट दिसली नव्हती. सेंद्रिय घेणारे लोक सहसा जास्त शिकलेले, जास्त सधन आणि जास्त भाज्या खाणारे असतात. त्यातून औषधाचा परिणाम वेगळा काढणं कठीण जातं. मात्र भाज्या-फळं भरपूर खाण्याचा फायदा पक्का आहे. औषधाच्या भीतीने जो मेथी-पालक सोडून देतो आणि पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवतो, तो स्वतःचं आणि पोरांचं जास्त नुकसान करतो.

म्हणून घरखर्चात सेंद्रियसाठी थोडेच पैसे काढता येत असतील, तर ते नेमक्या जागी घालावेत. मोबाईलवर फिरणाऱ्या ‘बारा विषारी फळभाज्यां’च्या याद्या अमेरिकेतल्या एका संस्थेच्या आहेत, अमेरिकेतल्या मालाच्या तपासणीवर बेतलेल्या. स्ट्रॉबेरी आणि केल यांची चिंता आपल्या बाजारात कितीशी उपयोगी? आपल्याकडे सालीसकट, कच्चं आणि मुलांच्या पोटात जास्त जाणारं काय, हे आधी बघावं. द्राक्षं, हिरवी मिरची, ढोबळी मिरची, कोथिंबीर, पालेभाज्या, भेंडी, वांगी, फ्लॉवर इथे पैसे सत्कारणी लागतात. केळी, नारळ, कलिंगड, फणस, मटार, लाल भोपळा, कांदा यांना जाड साल, टरफल किंवा सोलण्याची सवय राखते, तिथे साधा माल घ्यावा. पावसाळ्यात पालघर-ठाण्याच्या आदिवासी बायका टोपलीतून करटोली, टाकळा, शेवळं, कुर्डू घेऊन स्टेशनबाहेर बसतात. त्या रानभाज्यांना कुणी औषध मारत नाही. शेवगाही बांधावर उभा असेल तर फारशी फवारणी मागत नाही. हंगाम सोडून आलेली, डाग नसलेली, सगळी एका मापाची भाजी आपण मागतो, आणि ती मागणी पुरी करायची तर औषध लागतंच.

इतका वेळ खाणाऱ्याबद्दल बोललो. औषधाचा सगळ्यात मोठा डोस मात्र फवारणाऱ्याच्या वाट्याला येतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि बोंडअळीची धास्ती होती. दोन-तीन औषधं एकत्र करून, जोरदार पंपाने, उन्हात, तोंडाला नुसतं फडकं बांधून माणसं त्या दाट झाडांतून फवारत चालली होती. औषधाचं धुकं अंगावर, डोळ्यांत, श्वासात गेलं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं जशी किडीच्या मज्जातंतूंचं काम बिघडवतात तसंच माणसाच्याही: डोळ्यांची बाहुली बारीक होते, लाळ सुटते, श्वास घुसमटतो. हेच मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला २००५ पासून बंदी असूनही ते कापसाच्या नावाने दुकानात मिळत राहिलं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावातल्या शाळेत ते जेवणाच्या तेलात आलं आणि २३ मुलं गेली.

देशाचा १९६८ चा कीटकनाशक कायदाही अशाच मृत्यूंनंतर आला. १९५८ मध्ये केरळात धान्याबरोबर वाहून आणलेलं पॅराथिऑन अन्नात मिसळलं आणि शंभरहून अधिक माणसं दगावली होती. सेंद्रिय भाजीला चार रुपये जास्त मोजताना मला हे आठवतं. ते पैसे माझ्या पोटापुरते नसतात. पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या एका माणसाने त्या हंगामात ती बाटली उघडलेली नसते.

बाजारातली तपासणी कमी का पडते? अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नमुन्याचा अहवाल देण्यासाठी विश्लेषकाला चौदा दिवस मिळतात. चौदा दिवसांत ती भेंडी खाल्ली जाऊन, पचून, सगळे विसरलेले असतात. शिवाय बाजार समितीच्या गाळ्यावर दहा गावांचा माल एकत्र ओतला जातो. नापास नमुना कुणाच्या शेतातला, हे लिलावानंतर सांगता येत नाही. नाशवंत मालाची तपासणी शेतातच, तोडणीच्या आधी व्हायला हवी. द्राक्षाने हेच केलं. आणि हे फक्त द्राक्षालाच जमतं असंही नाही. अपेडाची अशीच नोंदणी डाळिंबाला आहे, आंब्याला आहे, भाज्यांनाही आहे. युरोपला निघालेल्या भेंडीचा प्लॉट नोंदलेला असतो, तिच्या फवारणीची वही असते. दादरला निघालेल्या भेंडीची नसते. विकत घेणाऱ्याने ती मागितलेली नाही, एवढाच काय तो फरक.

मागायला सुरुवात कुठून करायची? सोसायट्यांच्या आवारात आठवड्याला भाजी घेऊन येणारे शेतकऱ्यांचे गट आता पुण्या-मुंबईत बरेच आहेत. काही जण ‘रेसिड्यू फ्री’ म्हणून विकतात. म्हणजे औषध वापरलं, पण थांबायचे दिवस पाळले. हा दावा सेंद्रियपेक्षा वेगळा आहे, प्रामाणिकपणे पाळला तर चांगलाच आहे, आणि त्याचा पुरावा प्रयोगशाळेच्या रिपोर्टने देता येतो. एका नमुन्याच्या तपासणीला काही हजार रुपये लागतात. शंभर घरांनी हंगामातून एकदा वाटून घेतले तर ते जड नाहीत. रिपोर्टवर कोणती आणि किती औषधं शोधली ते वाचावं, कारण छोट्या यादीचा रिपोर्ट नेहमीच स्वच्छ येतो. त्याच्याबरोबर फवारणीची वही बघायला मागावी. चार रकाने पुरतात: पीक, औषध, फवारणीची तारीख, तोडणीची तारीख. शेवटच्या दोन तारखांमधले दिवस मोजावेत आणि बाटलीवरच्या घडीच्या पत्रकात छापलेल्या दिवसांशी ताडून पाहावेत.